सडपातळ लॅपटॉप आणि माझा संयम

७ एप्रिल २०१४
लॅपटॉप आला. लॅपटॉप कसला, मोबाइल वर्कस्टेशन! प्रोजेक्टमधून मंजूर करून घेतलाय. जाडी पाऊण इंच. आमच्या आंबा संशोधनवाल्यांत एवढं सडपातळ दुसरं कोणी नाही. दशहरी आंब्याच्या पिकाच्या अंदाजाचं माझं मॉडेल जुन्या पीसीवर नऊ तास खायचं, आता तासाभरात उरकणार.

बायकोचा, म्हणजे हेमाचा, थिसिसही यातच घेतला. इथे लखनौजवळ मलिहाबादच्या बागांत आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या बायकांची पाठदुखी. सहा वर्षं, एकशे बारा मुलाखती, टेंपोतून हिंडून घेतलेल्या. ३० जूनला विद्यापीठात द्यायचा आहे, यापुढे मुदतवाढ नाही. ती म्हणत होती की पेनड्राइव्हवरही असू द्या. म्हटलं, घरात वर्कस्टेशन असताना ही भिकारलक्षणं नकोत. पेनड्राइव्ह पुसून मॉडेलसाठी घेतला.

संकल्प: यंदा रागवायचं नाही. तसाही मी शांतच आहे, पण लेखी असलेलं बरं.

११ एप्रिल
मॉडेल लावलं. सातव्या मिनिटाला फॅन असा सुटला की शेजारची देवयानी विचारायला आली, मिक्सर बिघडलाय का. मांडी भाजली. हे मशीन तापलं की आपणहून हळू चालतं म्हणे. माझं उलट आहे. एक सणसणीत चापट दिली. फॅन थांबला. कऱ्हाडला आमचा टीव्ही असाच चालायचा. याला राग म्हणत नाहीत, तांत्रिक उपाय म्हणतात.

१९ एप्रिल, दुपारी ३
लॅपटॉप दोन किलो. चार्जर विटेएवढा. त्यावर कूलिंग पॅड, नेटची तार जोडायला वेगळा डबा, सीडीसाठी आणखी एक. सडपातळपणा सगळा मिळून सहा किलो भरला.

बॅटरी पन्नास मिनिटं टिकते. आमच्या अलीगंजची वीज गेली दीड तास. मॉडेल ८८ टक्क्यांवर मेलं. माउस भिंतीवर भिरकावला. त्याची तीन शकलं झाली, भिंतीचा पोपडा निघाला. आमचे चिरंजीव राघव, इयत्ता नववी, मराठी समजतं पण बोलणं हिंदी. म्हणाला, पापा, बिजली माउस ने थोड़ी काटी है. त्याच्या अंगावर धावून गेलो. फक्त दोन पावलं. कार्टं चपला न घालता बाहेर पळालं. बेचाळीस डिग्रीत! आजकालच्या मुलांना काही समजच नाही.

५ मे
टचपॅडवर बोट ठेवलं एकीकडे, कर्सर पळाला भलतीकडे. सेव्ह करायला गेलो, डिलीट झालं. बुक्की घातली. नेम चुकला. टेबलाची काच फुटली, हाताला चार टाके. हेमाने पट्टी बांधली, एक शब्द बोलली नाही. तिला माझा मुद्दा पटलेला दिसतो.

राग आलाच नव्हता. आला असता तर नेम चुकला नसता.

७ जून
झाकण जरा मनापासून मिटलं. बिजागरी तुटली. स्क्रीन आता मान टाकून पडतो. एवढ्या महागाच्या मशीनला एवढी तकलादू बिजागरी! वॉरंटीत घालतो. हेमाचं शेवटचं प्रकरण चालू आहे, तिला म्हटलं सोमवारी दुपारपर्यंत परत आणतो. माझा शब्द आहे.

९ जून, सकाळी ११
चारबाग स्टेशनजवळचं सर्व्हिस सेंटर. मोहन नावाचा तरुण इंजिनिअर, बोलणं मधाळ. विचारलं, सर, कैसे टूटा. सांगितलं की आपोआप. मग त्या गाढवाने लॅपटॉप तुटक्या स्क्रीनला धरून, दोन बोटांत, हवेत उलटा लटकवला! डोक्यात तिडीक गेली. ओरडलो, खाली करो! पहले इसको खाली करो! अकरा वर्षं लखनौत काढल्यावर माझी हिंदी अशी झालीय की समोरचा जागीच थिजतो. तोही थिजला. मग म्हणाला, पूरा खाली कर दें, सर? म्हटलं, पूरा! अभी के अभी! तर पुन्हा विचारतो, पक्का ना? साध्या गोष्टीला किती फाटे! कॉलर धरली. शर्टाचं बटण माझ्या हातात आलं. त्याने एक फॉर्म पुढे केला, तिरीमिरीत न वाचता सही ठोकली. म्हणाला, दो घंटे लगेंगे.

वस्तू टेबलावर ठेवायला दोन तास! इथली मंडळी सगळंच निवांत करतात.

९ जून, दुपारी २
मिळाला. बिजागरी नवी. वेग असा की डोळ्यांचं पारणं फिटलं. स्क्रीनवर एक फाइल दिसत नाही, सगळं कसं लख्ख. माणसाने आवाज चढवला की कामं होतात.

९ जून, संध्याकाळी ६
हेमाचा थिसिस सापडत नाही. कुठल्यातरी फोल्डरात असणार. तिला सांगितलं, सर्व्हिसिंग अजून चालू आहे.

१० जून
फोल्डरच नाहीत. मोहनला फोन केला. म्हणाला, सर, आपने ही तो कहा था, पूरा खाली कर दो. साइन भी आपके हैं. त्याला समजावलं की मराठीत खाली म्हणजे नीचे.  म्हणाला, सर, यहाँ तो खाली मतलब खाली ही होता है.

खाली म्हणजे म्हणे रिकामं! चूक हिंदीची आहे. एका शब्दाला दोन अर्थ ठेवतातच कशाला?

१२ जून
हजरतगंजमध्ये डेटा परत काढून देणारा एक जण गाठला. त्याने हात टेकले. हेमा रोज विचारते. आज सांगणार होतो, पण तिने भरली वांगी केली होती.

१४ जून, सकाळी
घरी दोघंच होतो, मी आणि तो. झाकण उघडलं, तर विचारतो, नवीन वापरकर्त्याचं नाव काय? उचलला आणि बाल्कनीच्या कठड्यावर हाणला. पुन्हा हाणला. तोंड फुटेपर्यंत हाणला. बटणं खालच्या सब्जीवाल्याच्या भेंडीत पडली. शेवटी हातात फक्त ‘संस्थेची मालमत्ता’ हे लेबल राहिलं. वळलो तर दारात हेमा. सगळं सांगून टाकलं. खाली, मोहन, फॉर्म, सगळं.  एकशे बारा बायका म्हणताना मी रडलो, हे इथेच राहू दे.

ती रडली नाही. म्हणाली, अहो, थिसिस आहे. तुमचा आवाज चढला आणि तुम्ही तोंड धुवायला गेलात की मी तो स्वतःला मेल करायचे. शेवटचा सोमवारी सकाळचा, तुम्ही रिक्षावाल्यावर ओरडत होतात तेव्हाचा.

राघवच्या फोनवर दाखवले. एप्रिलपासून एक्केचाळीस मेल. म्हटलं, एक्केचाळीस कसे? मी फार तर चार वेळा रागावलो असेन. ती म्हणाली, चार वेळा काहीतरी फुटलं, तेवढंच तुमच्या लक्षात राहिलं.

१५ जून
हेमा थिसिस पुरा होईपर्यंत देवयानीकडे राहणार. तिथे जुना कॉम्प्युटर आहे. राघवने दप्तर भरलं. त्याला म्हटलं, तू कशाला, तुझा कुठे थिसिस आहे? तो चपला घालून गेला.

१६ जून
आज दिवसभर रागावलो नाही. घरात कोणी नव्हतं.