मी फक्त पाठ पाहिली होती

मंगळवार संध्याकाळ, मानसरोवर, जयपूर

चौकात पोलिसाला गोळी घातल्याच्या खटल्यात आज आरोपीला फाशी सुनावली, तीही माझ्या साक्षीवर. मी पळणाऱ्याची फक्त पाठ पाहिली होती. ठाण्यात फोटो पुढे करून म्हणाले, "यही था ना, भाईसाहब?" मी म्हणालो, "तसाच वाटतो." मग कोर्टात त्याचं "हाच" कसं झालं? नुसती पाठ!

बायकोला सगळं सांगितलं. सुधा हादरलीच. "अहो, मग हायकोर्टात खरं सांगा."

"खोट्या साक्षीसाठी मलाच आत टाकतील."

"टाकू देत. त्याचा तर जीव जाईल."

आरोपीच्या वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, "उस दिन क्यों नहीं बोले?"

"आपने पूछा ही नहीं," एवढंच तोंडातून निघालं, आणि माझीच मला लाज वाटली. उद्या रजा टाकून त्याच्याकडे जातोय.