टोपलं रिकामं करू न्हाई

माघ शुद्ध सप्तमी, शके १८४५. दुपारी, भांडी झाल्यावर.
आजपासून रोज लिहायचं. अक्षरं मला म्हायेरी दादानं शिकवली. वाकडी येतात, पण येतात. पोथीची मागची पानं कोरीच होती.
तर झालं असं. दिंद्रुडच्या लोकांनी भिवरीला मागणी घातली. भिवरी म्हंजी माझी नात, नऊ वर्षांची. मी त्रिंबकला म्हणले, बाबा, पोर लहान हाय. तो म्हणला, माय, तू तर सात वर्षांची आलतीस या घरात. मी म्हणले, म्हणूनच सांगते.
बीडला मुलींचा मदरसा, म्हंजी सरकारी शाळा, निघालाय, माझी भन जवळच राहती. भिवरीला तिथं घेतलं तर लग्न थांबवशील का, विचारलं. तो हसला. गणित विचारून घेतात म्हणे. घेतलं तर तीन वर्षं थांबवतो म्हणला.
मग काय, झालंच. जन्मभर ज्वारी मापली, मला गणित कावून येणार न्हाई?

माघ वद्य दुसरी.
सुरुवात झाली. ज्वारीचं टोपलं, मापटं आन भिवरी. पहिलं मापटं टाकताना एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. भिवरी म्हणती, आजी, एक कुठं गेलं? मी सांगितलं, ते लाभातच हाय. लगेच कळलं तिला. लई हुशार पोर.
नंतर भाकरीचे चार तुकडे केले. हा पाव, हा अर्धा. पाऊण शिकवायच्या आत तिनं एक तुकडा खाल्ला. मागं पाऊणच राहिली, म्हंजी तेबी शिकून झालं.
शेजारची तुळजाबाई भिंतीवरून म्हणती, केशरकाकी, नातीला शिकवता का चारता? तिच्या घरात कुणाला दहाच्या पुढं येत न्हाई.

फाल्गुन शुद्ध पंचमी.
मधी लिहिलं न्हाई. पाहुणे होते, मग माझा गुडघा. शिकवणीबी जरा राहिली. उद्यापासून रोज.
आज वजाबाकी. पाच मापटी टोपल्यात टाकली, पाच काढली. शेवटचं जरा कमी भरलं, कारण टोपलं रिकामं करू न्हाई, लक्ष्मी जाती. मूठभर ठेवायचंच. भिवरीला विचारलं, पाचातून पाच गेले? म्हणली, मूठभर राहिले. मी तिचा मुकाच घेतला.
सून रुक्मिणी चुलीपासून म्हणती, आत्याबाई, मदरशात असं चालंल का? मी म्हणले, तू वरणाचं बघ, मीठ न्हाई त्यात. तिला काय कळतंय.

फाल्गुन वद्य तीज.
ज्वारीत किडे झाले, म्हणून चिंचोके घेतले. चिंचोक्यांवर भिवरी लई खूश. ओच्यात घेऊन गावभर हिंडती, दिसंल ते मोजती. शेळ्या मोजल्या, तुळजाबाईच्या सुना मोजल्या.
दिंद्रुडची विहीण बघायला आलती. भिवरीनं तिच्या बांगड्या मोजून दाखवल्या. विहीण म्हणली, पोरगी बोलती फार. मला आनंदच झाला. आता तेच नको म्हणतील.

चैत्र शुद्ध दशमी. बीड, भनीच्या घरी.
गेलो होतो. तिथं शिकवणाऱ्या बाईला उस्तानी म्हणतात. मऊ बोलायची. पाच चिंचोके जमिनीवर मांडून म्हणली, मोज बेटा. भिवरी म्हणली, लाभ, दोन, तीन. उस्तानी म्हणली, एक कुठंय? भिवरी म्हणली, लाभातच हाय.
मग उस्तानीनं पाचीच्या पाची चिंचोके उचलून घेतले आन विचारलं, आता किती राहिले? जमीन मोकळी दिसत होती. भिवरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, सांग म्हणून. म्हणली, मूठभर.
उस्तानी हसली न्हाई. परत विचारलं. भिवरी म्हणली, आजी म्हणती सगळं रिकामं करू न्हाई. उस्तानीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आन मला म्हणली, नीट शिकवून पुढच्या साली आणा.
पुढच्या साली या म्हणली, म्हंजी घेतल्यासारखंच की.

चैत्र शुद्ध द्वादशी.
त्रिंबकला सांगितलं, पुढच्या साली बोलावलंय. तो जेवला, धोतर बदललं आन दिंद्रुडला गेला. कामं असतात माणसाला.

वैशाख शुद्ध नवमी.
लिहायला वेळ न्हाई. लग्नाच्या वड्या, शेवया, पाहुणे. लग्न झालं तरी पोरगी वर्षभर हितंच ठेवतील, अशी चाल हाय काही घरांत. आपण रोज शिकवू. शून्याचं तेवढं बघावं लागंल.

वैशाख वद्य चौथ. दिवस मावळताना.
ठेवली न्हाई. सकाळीच गाडी जुंपली.
गाडीत बसल्यावर भिवरी परत खाली उतरली. पळत घरात आली, ओचा सोडला आन चिंचोके टोपल्यात टाकले. म्हणली, आजी, मूठभर ठिवते. गाडीवाला हाका मारत होता. गेली.
दिवसभर कुणी टोपल्याला हात लावला न्हाई. आता मी मोजायला घेतले. पहिला चिंचोका उचलला, लाभ म्हणायचं होतं. तोंडातून एक निघालं.
रुक्मिणी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. येऊन शेजारी बसली.
पुढचे मोजले न्हाईत.