पुरानंतर मासा कुठे जातो

१ डिसेंबर १९६४, मंगळवार
आजपासून डायरी. कोणी वाचणार नाही, तेव्हा सगळं खरंच लिहायचं.
पेंबर्टन साहेब मीटिंगसाठी शारजाला गेले. रास अल खैमाच्या मागच्या डोंगरातला हा पाण्याच्या सर्व्हेचा कॅम्प आता माझ्या चार्जमध्ये. साहेबांचा फ्लाय रॉडसुद्धा. विलायतेत ते ट्राउट धरतात, पिसांची खोटी माशी गळाला बांधून. इथे ट्राउट कुठला! वादीत, म्हणजे इथल्या डोंगरी ओढ्यात, बोटाएवढे मासे आहेत. साहेब त्यांच्यावरच प्रॅक्टिस करतात. मलाही शिकवलंय. मी रत्नागिरीचा, शिकवायला फार काही नव्हतंच.
चौदाला दुबईहून बोट. पंचवीसला कुबराचा निकाह. एकुलती एक मुलगी, वली, म्हणजे निकाहात मुलीच्या बाजूने उभा राहणारा, मीच. सगळं टाइमटेबलप्रमाणे.

४ डिसेंबर, दुपार
डोंगरावर पाऊस, आणि तासाभरात वादीला पूर. रस्ता खलास. अडकलो तिघे: मी, ड्रायव्हर हनीफ, बावर्ची अलीमियाँ. दोन दिवसांत पाणी उतरणार, असं मी डिक्लेअर केलं.

६ डिसेंबर
दोन दिवस झाले. पाणी दुधाच्या चहासारखं, तेवढंच.
साहेबांचा डोह दगडगोट्यांनी बुजलाय. साहेबांनी सांगितलं होतं, पुरानंतर नदी नवीन होते. जुने डोह बुजतात, नवे पडतात. मासा धार सोडून काठाच्या संथ पाण्यात येतो. गढूळ पाण्यात त्याला दिसत नाही, म्हणून माशी मोठी आणि काळी लावायची. दोघांना हे सगळं समजावलं. अलीमियाँनी विचारलं, हंडीत मासा कधी? म्हटलं, संध्याकाळी.
संध्याकाळी गळाला लागलं: माझी टोपी, अलीमियाँची लुंगी. मासे शून्य. कारण वारा.

८ डिसेंबर
वरच्या वस्तीतला एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. डोंगरावरून पायवाट आहे म्हणाला, सहा तासांत किनारा. हनीफ पाहून आला. एके ठिकाणी वाट दीड वीत रुंद, खाली दरी. बाकी सोपी. म्हणाला, “यल्ला मुश्ताकभाई, सुबह निकलते हैं. बोट मिळेल तुम्हाला.”
मी म्हटलं, कॅम्पचा चार्ज आहे माझ्याकडे. शिवाय गुडघा. शिवाय साहेबांचा रॉड.

९ डिसेंबर
दोघे म्हाताऱ्याबरोबर गेले. हनीफने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा नुसतं “कुबरा?” एवढंच. मी म्हटलं, पाणी परवा उतरतंय.

११ डिसेंबर
डाळ करपली. पाणी हातभर उतरलं. वळणावर नवा डोह सापडला, आणि त्यात मासे! इतके दिवस मी लांब धारेत माशी फेकत होतो आणि मासे माझ्या पायाशी. सावली पडली की पळतात. म्हणजे थिअरी करेक्ट.
जीप चालवता येत नाही, पण हनीफला रोज बघतोच. इन्शाल्ला उद्या निघणार.

१२ डिसेंबर
जीप सुरू झाली नाही. सकाळी पायवाटेवर गेलो. फक्त इन्स्पेक्शनसाठी. दीड वितीची जागा पाहिली. तिथे बसलो. ऊन डोक्यावर आलं तरी बसलेलोच. परत आलो ते चार पायांवर. गुडघ्यामुळे.

१४ डिसेंबर
बोटी नेहमी लेट असतात.
दुपारी नव्या डोहाच्या काठावर गुडघे टेकून, सावली मागे ठेवून, काळी माशी अलगद सोडली. मासा लागला! पहिला. दाखवायला कोणी नाही. सोडून दिला.
बोट एव्हाना सुटली असेल.

१९ डिसेंबर
वादी सुकली. लॉरीतून साहेब, हनीफ, अलीमियाँ आले. हनीफने दुबईहून घरी तार केली होती. जबाब आला: वली म्हणून माझा धाकटा भाऊ गनी उभा राहील. खाली कुबराची एक ओळ. अब्बा बरे आहेत ना?
साहेबांनी विचारलं, पायवाटेने का आला नाहीस? म्हटलं, सर, चार्ज. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. ड्यूटीचं हे उदाहरण रिपोर्टमध्ये लिहिणार म्हणाले. मी लिहू दिलं.

२५ डिसेंबर, शुक्रवार
जुम्म्यानंतर तिकडे निकाह झाला असेल. हनीफने मुबारक दिली. अलीमियाँनी गोड भात केला आणि शेजारी बसून खायला लावला. खाता खाता सहज म्हणाले, “त्या दरीच्या जागी मी मोठ्याने रडलो. पाय उचलेना. मग हनीफला म्हटलं, बेटा, मेरा हाथ पकड. त्याने पकडला. डोळे मिटून पार झालो.”
मी विचारलं, किती पावलं होती?
म्हणाले, नऊ.