मोटार धुण्याचं पाणी

नाना, आमच्याकडे मोटार आलीय. नवी नव्हे, इंदुरातल्या एका वकिलांनी भरपूर वापरून काढलेली, हुडाला दोन ठिकाणी ठिगळं आहेत. तरी पहिल्या दिवशी दारात इतकी माणसं जमली की मला वाटलं कुणाची वरात थांबलीय. यांना वकिली करून पंधरा वर्षं झाली, हौस होती, ती फिटली. पण दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहिला, ती धुवायची कुणी? शेजारी म्हणाले, "वकीलसाब, एक आदमी रख लो, रोज चकाचक कर देगा." यावर हे काय म्हणाले असतील? "छे! माझे सासरे धारला राज्याचे डॉक्टर. केवढा मान त्यांना! पण स्वतःची मोटार स्वतःच्या हातांनी धुवायचे. मी कोण मोठा लागून गेलो?" आणि धोतर खोचून लागले कामाला. माझं लग्न ठरवायला तुम्ही देवासला आला होतात तेव्हा पाहिलंच आहे, रस्त्याची आमची कड एका पातीची, म्हणजे एका राजाची, समोरची दुसऱ्या पातीची. मोटार धुतल्याचं पाणी वाहत वाहत गेलं परराज्यात. समोरचा मिठाईवाला ओरडला, "ओ भिया, अपने राज का कीचड़ अपने राज में रखो!" सगळे हसले. मीही हसले. मग आत येऊन बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

तुमची ही गोष्ट आपल्या नात्यागोत्यात किती पसरलीय याची तुम्हाला कल्पना नसेल. कुणाचा मुलगा स्वतःचं ताट उचलत नसला की तुमची मोटार निघते. कुणाच्या सुनेने मोलकरीण मागितली की तुमची मोटार निघते. माझी स्वतःची मुलं आजोबांसारखं व्हायचं म्हणतात, त्यांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. मानमोडीच्या साथीत तुम्ही गेलात त्याला आता अठरा वर्षं होतील. इतक्या वर्षांत मी ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली आणि दर वेळी मान डोलावली. तुम्ही मोटार का धुवायला लागलात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही.

मी दहा वर्षांची होते. जहागीरदारांची सून अवघड बाळंतपणातून वाचली म्हणून त्यांनी आपली जुनी मोटार तुम्हाला दिली. पितळी दिवे, रबराचा भोंगा, आणि बैठका चामड्याच्या. त्या चामड्यावरून आत्याने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. मोटारीतून उतरलात की आंघोळ केल्याशिवाय तुम्हाला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नसे. दवाखान्यात दिवसभर साऱ्या गावाच्या नाड्या धरणारे तुम्ही, आत्यापुढे मात्र शाळेतल्या पोरासारखे निमूट. मोटार धुवायला तुम्ही जुन्या पागेतला एक माणूस ठेवलात. आयुष्यभर घोडे धुतलेला माणूस तो, मोटारही घोड्यासारखीच धुवायचा. आधी चाकं, मग पोट, मग पाठ, आणि तोंड सगळ्यांत शेवटी. दिवे पुसताना तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायचा. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत ते ऐकून गालात हसायचात, मला दिसायचं.

त्याला आपल्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. त्यामुळे पैसे देऊन काम करून घेण्याची आपल्याकडची तऱ्हा अशी की अर्धं काम घरच्यांनीच करायचं. रहाटावरून पाणी ओढायचं मी, त्याच्या बादलीत वरून धार धरायची मी, बादलीला बादली लागू न देता. तो हात मागे घेऊन उभा राहायचा. बादली भरली की मी दोन पावलं मागे सरायची, मग तो पुढे येऊन उचलायचा. आम्ही दोघं त्यात इतके तरबेज झालो होतो की कधी एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. तो माझ्या वडिलांच्या, म्हणजे तुमच्या वयाचा, आणि मी त्याला अरेतुरे करायची. तो मला बाईसाब म्हणायचा. यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलं नाही, खोटं कशाला लिहू.

पितृपंधरवडा होता. तुम्ही मनावर गावाहून आला होतात आणि मोटारीवर काळ्या मातीचा असा थर होता की मूळ रंग ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी आजोबांचं श्राद्ध. तो म्हणाला, "बाईसाब, आज तो दस बादली लागेगी." मी चार ओढल्या. तळहात लाल झाले. फाटकापाशी मैत्रिणी हाका मारत होत्या, संध्याकाळी भिंतीवर शेणाफुलांची संजा मांडायची होती आणि गुलबक्षीची फुलं दुसऱ्या मुली वेचून नेतील ही आम्हाला धास्ती. मी म्हटलं, "तूच काढून घे ना."

"नी बाईसाब. म्हारे हाथ नी लगानो."

"कुणी बघत नाही. मी सांगतेय ना!"

त्याने मागच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाय आपटला. आणि तो पुढे झाला, नाना. इतका अवघडून त्याने तो दोर धरला की मला हसू आलं. मी फाटकाकडे पळाले.

आत्या घागर घेऊन बाहेर आली ती तेवढ्यात. तिची किंकाळी मी फाटकाबाहेर फुलं वेचताना ऐकली. परत आले तेव्हा आई, आत्या, तुम्ही, सगळे अंगणात. तो विहिरीपासून लांब, हात जोडून उभा. आत्याने मला दंडाला धरून विचारलं, "कार्टे, तू कुठं होतीस? त्याला दोर कुणी दिला?" माझ्या ओच्यात फुलं होती. मी म्हटलं, "मी नाही सांगितलं. त्यानेच ओढला."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. एक शब्द बोलला असता तर मी तिथेच रडून सगळं सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. तो बोलला नाही. तुम्ही मला ओसरीवर बोलावलंत. "तू सांगितलंस का त्याला पाणी काढायला?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. मग खाली उतरून त्याला जायला सांगितलंत. विहीर दोन दिवस उपसत होते. श्राद्धाचा स्वयंपाक शेजारच्या पाण्यावर झाला, आणि मी जिलबी मागून घेऊन खाल्ली.

पुढच्या रविवारी तुम्ही पंचा नेसून, जानवं कानाला अडकवून, स्वतः मोटार धुवायला उभे राहिलात. आत्या म्हणाली, "अरे, दुसरा माणूस ठेव, काय ही शोभा!" तुम्ही म्हणालात, "माझी गाडी, मी धुईन." गाव आधी हसलं. मग दरबारातल्या कुणीतरी कौतुक केलं, तेव्हा तेच गाव वाखाणायला लागलं. आणि नाना, तुम्ही वाईट धुवायचात हो. काचेवर ओघळ तसेच, चाकांच्या आऱ्यांत माती तशीच, पितळ काळवंडलेलं. नाडीवर इतका हलका हात असलेला माणूस फडकं मात्र असं चालवायचा की जणू भांडण काढलंय. एका रविवारी मी दोराला हात घातला. म्हटलं, नानांना मदत करू. तुम्ही वळून म्हणालात, "ठेव ती बादली. पाणी काढायचं काम आता तुझं नाही." आवाज चढवला नाहीत. मला वाटलं, लेक मोठी झाली, तिच्या हाताला घट्टे नकोत म्हणून म्हणताय. मैत्रिणींना मी ते कौतुकाने सांगितलंसुद्धा. त्यानंतर चार वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, त्या मोटारीला तुम्ही दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाहीत.

आता खरं ते लिहिते. गेल्या पंधरवड्यात दादाच्या मुलाची मुंज झाली. आम्ही आमच्याच मोटारीने धारला गेलो. पंगतीत दादाने ती गोष्ट पुन्हा सांगितली, हे फुशारले, बटूला सगळ्यांनी सांगितलं की आजोबांचा कित्ता गिरव. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे लवंडले असताना मी विचारत विचारत जुन्या पागेमागे गेले. तो आहे, नाना. म्हातारा झालाय, डोळ्यांत फूल पडलंय, खाटेवर बसून दोर वळत होता. मी कोण ते सांगितलं. तो धडपडत उठला, खाट झटकली, "बिराजो बाईसाब" म्हणाला, स्वतः जमिनीवर बसला. मी उभीच राहिले. आणि उभ्याउभ्या, एका दमात सांगून टाकलं, की मीच म्हटलं होतं, मीच खोटं बोलले.

तो म्हणाला, "म्हारे मालम नी कईं, बाईसाब? म्हारे तो तमनेज कयो थो." आणि हसला. मग म्हणाला, "डागदर साब के बी मालम थो."

मी विचारलं, कसं? तर तुम्ही त्याच दसऱ्याला त्याच्याकडे गेला होतात. चालत. दसऱ्याला गाडी धुणाऱ्याला पागोटं द्यायचं असतं ते घेऊन. त्याच्या अंगणात, त्याच्या बायकोदेखत, तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात की पोरगी खोटं बोलली, मला तिच्या तोंडावर दिसलं, पण मी ते घरात उघडं करू शकत नाही. त्याने हे सांगितलं आणि पुढे अगदी सहज सांगितलं की वरीस-दीड वरीस कुणी कामाला ठेवलं नाही. "कुओ छूवा वालो", विहिरीला शिवलेला, म्हणून नाव पडलं होतं. घरवाली गवत कापून विकायची, त्यावर चाललं. पागोटं त्यांनी पहिल्याच थंडीत विकलं.

मला तुमचा राग आला, नाना. अजून आहे. तुम्हाला माहीत होतं! तुम्ही मला दोन थोबाडीत मारायच्या होत्यात. आत्यापुढे म्हणायचं होतं, त्याचा दोष नाही. विहीर तरीही उपसली असती, श्राद्ध तरीही शेजारच्या पाण्यावर झालं असतं, पण त्याचं काम गेलं नसतं. त्याऐवजी तुम्ही चार वर्षं काचेवर ओघळ ठेवत बसलात, आणि लोक तुम्हाला साधू म्हणायला लागले. त्या प्रायश्चित्ताचा त्याला काय उपयोग झाला? पण हे लिहिताना हेही दिसतं की तुम्ही निदान त्याच्या दारात बावीस दिवसांच्या आत गेला होतात. मला बावीस वर्षं लागली.

यांना अजून सांगितलेलं नाही. ते मागच्या रविवारीही मोठ्या उमेदीने मोटार धुवत होते, मिठाईवाल्याशी हुज्जत घालत. सांगितलं तर ते माणूस ठेवतील आणि त्याला आमच्या नळावरून पाणी घेऊ देतील, तेवढे ते चांगले आहेत. इथे नळ आलाय, नळाला दोर लागत नाही, म्हणून कुणाच्या पोटात दुखत नाही. आणि धुलाईचा प्रश्न सुटला असं घरात सगळ्यांना वाटेल. मला वाटणार नाही. हे पत्र मी ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवीन.

एवढं लिहून दौत बंद केली होती. पण तुमच्याशी एकदा खोटं बोलून झालंय, तेव्हा हे तरी पुरतं लिहायला हवं. वैशाखाची दुपार होती, मी पायी गेलेली, घशाला कोरड पडली होती. माझं बोलणं संपलं तशी त्याची सून आतून लोटा घेऊन आली. घासून लखलखीत केलेला, वर झाकण. तिने तो माझ्यापुढे धरला. तो म्हणाला, "पाणी पीलो बाईसाब, घणो तड़को हे." मी लोट्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, आज मला निर्जळी एकादशी आहे."

म्हाताऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "अच्छो, बाईसाब," आणि सुनेला लोटा आत न्यायला सांगितला.

त्या दिवशी षष्ठी होती, नाना.