सहीपुढचा रकाना

४ फेब्रुवारी

माझी निवड झाली! तीन आठवड्यांचा रिफ्रेशर कोर्स, दुसऱ्या गावी, राहण्या-जेवणासकट. पत्र चार वेळा वाचलं. नाव माझंच आहे, विषय वनस्पतिशास्त्रच आहे. आनंद व्हायला हवा. झाला नाही. सव्वीस वर्षं या कॉलेजात खडू झिजवला, आत्ताच कसा उमाळा आला यांना?

बढतीला दोन रिफ्रेशर लागतात. माझा एकच झालाय, तोही नोकरीच्या सुरुवातीला. माझ्या मागून आलेले प्राध्यापक म्हणून मिरवतात, मी आपली आहे तिथेच. मी कधी कुणाच्या दारात गेले नाही. ज्येष्ठ माणसानं मागायला का जायचं? यांना डोळे नाहीत? आणि आता, निवृत्तीला जेमतेम पाच वर्षं उरल्यावर प्राचार्यांना एकदम मी दिसले! छे. पाणी मुरतंय कुठेतरी.

५ फेब्रुवारी

नवऱ्याला पत्र दाखवलं. "अरे वा! जा की मग." एवढंच. म्हटलं, मलाच का, असं नाही वाटत तुला? डोळ्याची काचसुद्धा न काढता म्हणाला, "मिळालं नाही की राग, मिळालं की संशय. तुझं काय करायचं?"

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. काटा पुढे सरकला की हा खूश. कॉलेजातलं राजकारण याला काय कळणार!

८ फेब्रुवारी

कळलं! मी नसताना विभागप्रमुखाचा कार्यभार टापटीपकडे. लेखी पत्र निघालंय.

टापटीप म्हणजे आमच्या विभागातली धाकटी. दोन वर्षांपूर्वी आली, अजून कायम व्हायची आहे. टेबलावर धूळ नाही, डोक्यावरचा केस इकडचा तिकडे नाही. नाव मीच ठेवलंय — मनातल्या मनात. आज साखरेत घोळून म्हणाली, "मॅडम, तुम्ही निर्धास्त जा. मी सांभाळते सगळं." निर्धास्त! तीन आठवडे एखादीला खुर्ची द्या आणि मग परत मागून बघा.

वर माझ्या कपाटाची किल्ली मागितली. त्यात माझ्या स्लाइड्स आहेत. पात्याने एकेक काप काढून, रंगवून, स्वतः केलेल्या. पहिल्या वर्षीच्या देठाचा काप अजून कालचा वाटतो. "मुलांना दाखवायला लागतील ना, मॅडम." म्हटलं, बघू.

९ फेब्रुवारी

किल्ली दिली नाही. पर्समध्येच ठेवते.

१३ फेब्रुवारी

मामा पण फितूर झालेत की काय!

मामा आमचे शिपाई. मी आले त्याच्याही आधीपासून आहेत, या महिनाअखेर निवृत्त होतात. आज भर तासाला दार ढकलून नोटिशीची वही घेऊन आले. फळ्यावर मुळाचं चित्र अर्धं झालेलं. "फक्त सही, मॅडम." खडूच्या हातानेच केली. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणतात, "वाचा की." बारीक टायपिंगच्या वीस ओळी! वाचत बसले तर तेवढ्यात मुलं वर्ग डोक्यावर घेतील. या कॉलेजात वही वाचून सही करणारा अजून जन्माला यायचाय. एरवी वही आली की, नोटीस कसलीही असो, मी म्हणते, "आम्हाला कोण पाठवतंय, मामा!" वर्षानुवर्षं तेच म्हणते. आज म्हणता येईना. मामा मात्र उगाच हसले.

दुपारी प्रयोगशाळेत गेले तर मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेले, एकेका किल्लीला चिठ्ठी चिकटवत. शेजारी टापटीप उभी. मी आत गेले आणि दोघं गप्प! "जायच्या आधी सगळं लावून ठेवतोय, मॅडम," मामा म्हणाले. कुणासाठी लावून ठेवताय, ते नाही म्हणाले.

१४ फेब्रुवारी

जायचं नाही. नकाराचं पत्र लिहिलं.

१५ फेब्रुवारी

फाडलं. नाही गेले तर बढती कायमची गेली. गेले तर खुर्ची जाते. इकडे आड, तिकडे विहीर. डोकं भणभणतंय.

खरं लिहायचं तर — जायची फार इच्छा आहे. नवी सूक्ष्मदर्शकं बघायची आहेत. पुन्हा एकदा बाकावर बसून कुणीतरी शिकवताना ऐकायचं आहे. मी शिकवते तेच सव्वीस वर्षं शिकवते, मुलांना नाही कळत, मला कळतं.

२४ फेब्रुवारी

आज सरळ प्राचार्यांना विचारलं, यंदा माझं नाव कुणी सुचवलं? ते म्हणाले, "कुणी म्हणजे? तुम्हीच."

नोटिशीच्या जुन्या वह्या मागवल्या, पुढ्यात ठेवल्या. दरवर्षी डिसेंबरात रिफ्रेशरची नोटीस फिरते. खाली ओळ असते — जाऊ इच्छिणाऱ्यांनी सहीपुढच्या रकान्यात 'इच्छुक' लिहावे. अकरा वर्षांच्या वह्या. अकरा नोटिसा. प्रत्येकीखाली माझी सही, झोकदार, कुठे खडूचा ठसा. आणि पुढचा रकाना कोरा. "आम्हाला वाटलं, मॅडमना घर सोडून जायला जमत नसेल," प्राचार्य म्हणाले. चांगल्या आवाजात म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

कुणी डावललं नव्हतं. मीच माझ्या हातानं — नको, लिहवत नाही.

पण यंदाची वही! माझ्या सहीपुढे 'इच्छुक' आहे. मी लिहिलेलं नाही!! हजारो पेपर तपासलेत मी, अक्षर मला फसवू शकत नाही. क ची शेपटी ओळीखाली लांब ओढलेली, आकड्यासारखी वळवलेली. माझ्या क ला शेपटी अशी नसते. तिथे बोलले नाही.

२५ फेब्रुवारी

टापटीप. दुसरं कोण? मी गेल्याशिवाय तिला खुर्ची नाही. तिचं अक्षर असं नाही, खरंय. मुद्दाम वळण बदललं असणार. एवढी नीटनेटकी बाई, तेवढी काळजी घेईलच.

नवरा म्हणतो, "कुणी का लिहिलं असेना, तुझ्या मनातलंच लिहिलं ना?" दिवसभर बोलले नाही त्याच्याशी.

२७ फेब्रुवारी

तक्रार दिली. लेखी. माझ्या सहीपुढे परस्पर मजकूर लिहिणाऱ्याचा शोध घ्यावा, सगळ्यांची अक्षरं तपासावीत. चौकशी लागली की त्या माणसाचा एकही कागद पुढे सरकत नाही, हा इथला नियम. टापटीपचं कायम होणं अडेल. अडू दे! रिफ्रेशरचं काय व्हायचं ते होवो.

प्राचार्य बाहेरगावी आहेत, परवा सकाळी येणार. पाकीट बंद करून मामांच्या हाती दिलं. "जपून न्या, महत्त्वाचं आहे." मामा म्हणाले, "तुमचं काम कधी हयगयीनं केलंय का, मॅडम?"

२८ फेब्रुवारी

मामांचा शेवटचा दिवस. निरोपसमारंभ झाला. टापटीपनेच सगळा केला होता, मामांना न कळू देता — त्यांना माझ्याकडून कळू नये म्हणून माझ्यापासूनही लपवला होता. मामांपुढे माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणे. खरंच आहे ते.

नंतर मामा विभागात आले. तुमच्या कपाटाची जादा किल्ली कार्यालयात पडून होती, म्हणाले, दुसऱ्या कुणाला देत नाही, तुम्हालाच देतो. किल्लीला चिठ्ठी — 'मॅडमचं कपाट'. क ची शेपटी ओळीखाली लांब ओढलेली. आकड्यासारखी.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. मामा हसले. "जाऊन या आता. अकरा वर्षं ऐकतोय, आम्हाला कोण पाठवतंय, आम्हाला कोण पाठवतंय. म्हटलं, जाता जाता आपणच पाठवावं." मग खिशातून एक कागद काढून दिला. "आणि ही तुमच्या पाकिटाची पोच. साहेबांच्या टेबलावर ठेवलंय, अगदी वरच."

उद्या मामांच्या निवृत्तीचे कागद सहीला जायचे आहेत. त्याच टेबलावर.

कार्यालय उघडायच्या आधी दारात उभी राहणार आहे. सांगणार — तक्रार मागे घेते, ते अक्षर माझंच आहे, मीच लिहिलं होतं.

संध्याकाळपासून क ला शेपटी काढायचा सराव करतेय.