एक जुलैच्या तीन दिवस आधी

कॅनोरा, सस्कॅचवान
१ जुलै, सकाळचे आठ

वेंडेल,

'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं.

इकडे सगळं क्षेम आहे. पाऊस बरा झाला, कनोला पिवळाधमक फुललाय, डासांनी मात्र उच्छाद मांडलाय. आईचे गुडघे दुखतात, तरी काल तिने बटाट्याचं सारण भरून दोनशे पिरोही वळल्या. आज कॅनडा डे, चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण आहे.

कालपासून तुझे चौदा फोन येऊन गेले. मुद्दाम उचलले नाहीत. आर्टो सही करतोय की नाही, एवढंच विचारायचं होतं ना? जीव टांगणीला लागलाय? लागू दे. टोरांटोत बारा वाजतील तेव्हा, म्हणजे आपल्याकडे दहाला, त्याचा जुना करार संपतो आणि तो कुठेही जायला मोकळा होतो. असा गोलरक्षक तुमच्या हॉकी क्लबला वीस वर्षांत मिळाला नव्हता. तो गेला तर मॅनेजरची खुर्चीही गेली, असं मालकांनी तुला बजावलंय, हे तुमच्या अख्ख्या रेजायना शहराला ठाऊक आहे. आणि त्याचा एजंट कोण, तर तुझा सख्खा मेहुणा. नशीब बघ तुझं.

नऊ वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी आठवतो? तू याच स्वयंपाकघरात बसला होतास. नुकताच मॅनेजर झाला होतास, मी तुझ्या संघात बचावाला खेळत होतो आणि माझा करार संपत आला होता. बाबांच्या नाकाला नळी होती. दुसरीकडे मला दीडपट मिळत होते. मी म्हणालो, "कमी दे, पण बाबा आहेत तोवर मला इथून हलवू नकोस." तू म्हणालास, "अरे, करारातच लिहितो ना. तुझ्या परवानगीशिवाय तुला दुसऱ्या क्लबला देता येणार नाही. आणखी काय, रक्ताने लिहू?" बाबांनी तुझा हात दोन्ही हातांत धरला होता.

ते कलम नव्या कराराबरोबर लागू होणार होतं, एक जुलैला. मी विचारलंही होतं, मधल्या चार महिन्यांचं काय? तू हसलास. "घरच्या माणसाला असं विचारतात होय?" मी ओशाळलो आणि सही केली. आमच्याकडे हातावर हात पडला की व्यवहार पक्का. बाबांनी आयुष्यभर गहू असाच विकला.

अठ्ठावीस जूनला तू मला फ्लोरिडाला देऊन टाकलंस. तीन दिवस आधी.

बाबा नोव्हेंबरात गेले. बर्फाच्या वादळात माझं विमान विनिपेगला अडकलं. शवपेटीला माझ्या जागी खांदा तू दिलास. आणि लेसियाला तू आधीच पटवून ठेवलं होतंस, की ऑरेस्टनेच बदली मागितली, त्याला आजारी बापापेक्षा समुद्रकिनारा प्यारा. नऊ वर्षं तुझी बायको, माझी सख्खी बहीण, माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही. आईने किती सांगितलं, तर म्हणे, "तू त्याचीच बाजू घेणार."

खेळ सोडून मी एजंट झालो तो पैशांसाठी, असं लोक म्हणतात. मी तुझ्यासाठी झालो. कधीतरी तुझा एखादा हुकमी खेळाडू माझ्या हाताखाली येईल, याची वाट बघत होतो.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहून टाकतो.

मार्चमध्ये आर्टो मला म्हणाला, "ऑरेस्ट, मला इथेच राहायचंय. बायकोला इथल्या हॉस्पिटलात नोकरी आहे, घराचा पाया घातलाय. देतील ते घे." एप्रिलमध्ये तुझा आठ वर्षांचा प्रस्ताव आला. चांगला होता. मी तो त्याला दाखवलाच नाही. तुला म्हणत राहिलो, तो विचार करतोय. त्याला म्हणत राहिलो, वेंडेलला तुझ्या गुडघ्याचा भरवसा नाही. तू दोनदा आकडा वाढवलास, आणि दोन्ही वेळा मला त्या रात्री जेवण गोड लागलं.

काल संध्याकाळी तो बायकोला घेऊन इथे आला. आईने पानं वाढली. त्याने घासही घेतला नाही. "एकच सांग," म्हणाला, "मी त्यांना खरंच नकोय का?"

उत्तर तयार होतं. पण फ्लोरिडाला पोचलो त्या दिवशी मीही आईला फोनवर हेच विचारलं होतं. तोंडातून खोटं निघेना. मी सगळं सांगितलं, आधी माझं, मग तुझं. तुझा प्रस्ताव त्याच्यापुढे ठेवला.

त्याने शेवटच्या पानापर्यंत वाचला. "म्हणजे त्याला मारायला तू मला दगडासारखं उचललंस," तो म्हणाला. मी हो म्हणालो. "आजपासून माझ्या वतीने कुणाशी बोलायचं नाही." त्याचं बरोबरच होतं. तरी मी म्हणालो, "मला हाकल, पण सही कर. तुझं घर इथे आहे."

तो आईकडे वळला. "मावशी, वेंडेलने खरंच तुमच्या नवऱ्याचा हात हातात घेऊन शब्द दिला होता?"

"दिला होता," आई म्हणाली. "मी इथेच पीठ मळत होते."

आर्टोने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "पाया काय, दुसरीकडेही घालता येतो." प्रस्ताव टेबलावरच ठेवून दोघं गेले. दहा वाजले की तो पूर्वेकडच्या एका क्लबशी स्वतःच बोलणार आहे.

बघ, खोटं बोलून तीन महिने मी त्याला तुझ्यापासून तोडू पाहत होतो, जमलं नाही. खरं बोललो आणि अर्ध्या तासात झालं. माझंही दुकान बसलं. असल्या एजंटाला कोण दारात उभं करणार? त्याचं मला काही वाटत नाही. आर्टोचं वाटतं. तुझं तर मुळीच नाही.

हे पत्र तुला लिहिलंय, पण पाकिटावर नाव लेसियाचं आहे. आई ते घेऊन निघतेय. तिच्या हातात देईल आणि वाचून होईपर्यंत समोर बसून राहील. म्हणजे तुझ्या हाती पडेल तेव्हा माझी लबाडीही तिला कळलेली असेल आणि तुझीही. माझी मी एक अक्षर न गाळता लिहिली आहे. तुझ्याबद्दल ती आता तुलाच विचारेल.

लेसियाचा भाऊ,
ऑरेस्ट