हो-नाहीचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, छापखान्यातली निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. जिभेबद्दल शंका असल्यास मुलाला विचारावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती दोन खोल्यांची जागा मुलगा आणि सूनबाई दोघांच्या नावे, समसमान. एकमेकांना विचारल्याशिवाय विकू नये.

२. बँकेतली ठेव छापखान्यातल्या ज्या कामगारांना धाप लागते, त्यांच्या औषधपाण्यासाठी. यजमान तिथे मशीनमन होते. छपाईचे रूळ पुसायच्या रसायनाच्या वाफेने त्यांची फुप्फुसे गेली आणि पाठोपाठ ते गेले. कामगारांनी खिडकी मागितली तेव्हा मालकांनी पंखा दिला, तोही बंद.

३. मालकांनी मला निरोप समारंभात दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांना परत करावे. ते दहा मिनिटे मागे चालते. त्यांच्याकडे शोभेल.

४. आता मुख्य गोष्ट. यजमानांच्या मृत्यूच्या भरपाईसाठी मालकांवर लावलेला माझा दावा अपिलात आहे. वकिलाला द्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. लोकांच्या दाव्यात पैसे घालायचे आणि जिंकल्यावर वाटा घ्यायचा, असा धंदा करणाऱ्या एका कंपनीने खर्च उचलला. तिचा करार सहीसाठी आला तेव्हा मी लाल पेन घेऊन बसले, चौदा चुका काढल्या आणि ऐटीत सही ठोकली. अक्षरे पाहावीत, मजकुरात गुंतू नये, ही आमच्या धंद्याची शिस्त. गुंतले की चूक निसटते. नवव्या कलमात लिहिले होते की तडजोड करायची की नाही, हे कंपनी ठरवील.

दोन वर्षांनी मालकांनी तडजोड पुढे केली. रक्कम चांगली होती. अट एकच: आजार विडीमुळे झाला, असे मी लिहून द्यायचे. यजमानांनी जन्मात विडी ओढली नाही. कंपनीचा साहेब घरी येऊन म्हणाला, "बाई, पैसा आमचा, तर निर्णयही आमचाच."

मी म्हटले, "पैसा तुमचा असेल, गेलेला माणूस माझा होता."

मुलगा म्हणाला, "आई, बाबा कशानं गेले ते कागदावर काय का असेना. आता कुणाला फरक पडतो?"

सूनबाई तेवढ्यात कामावरून आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या. म्हणाली, "मला पडतो."

त्याच सुमारास सरकार असल्या कंपन्यांना लगाम घालणारा कायदा करत होते. सूनबाईने मला आमदारांच्या समितीपुढे नेले. अध्यक्षांनी विचारले, "आयुष्यभर मुद्रितं तपासलीत, आणि हे कलम दिसलं नाही?"

"दिसलं ना साहेब. त्यात दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या."

सगळे हसले. मग अध्यक्षांनी ते कलम मोठ्याने वाचून घेतले.

आज तो कायदा आहे आणि चालू दाव्यांनाही लागू आहे, म्हणून विडीची ती तडजोड मी नाकारू शकले. कंपनीने सरकारदरबारी नोंदणी करायची, करार न्यायाधीशांना दाखवायचा, वाटा ठरल्या मर्यादेतच घ्यायचा. तडजोडीचा निर्णय फक्त दावा लावणाऱ्याचा. आणि सहीआधी करार त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, हे शेवटचे माझ्या चुकीमुळे आले. स्वतःच्या चुकीचा एवढा अभिमान असलेली बाई दुसरी नसेल. मला आहे, आणि मी तो लपवणार नाही.

५. म्हणून माझ्या पश्चात दावा सूनबाईने चालवावा. तडजोडीला हो म्हणायचे की नाही, हा हक्क तिचा एकटीचा. दमली तर खुशाल हो म्हणावे. फक्त विडीचा शब्द नको.

६. माझा शब्दकोश मुलाला. त्यात अर्थ दिलेले असतात. त्याच्यावर राग होता, आता नाही. घराचे हप्ते तोच भरत होता, हेही खरे.

हे मृत्युपत्र शेजारच्या नर्सबाईंनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवले. लाल पेन मी मुद्दाम आतल्या खोलीत ठेवले होते. चुका राहिल्या असतील तर राहू देत. या वेळी मी अर्थ ऐकला.

साक्षीदार: शेजारच्या नर्सबाई (सही), छापखान्यातले जुने बाइंडर, यजमानांचे मित्र (सही, मध्ये दोनदा खोकून)

सही: मशीनमनची बायको, मुद्रितशोधक

ठिकाण: राहते घर, पुढची खोली

तारीख: सात मार्च, सकाळचे अकरा. मालकांच्या घड्याळात दहा पन्नास.